विमानाची आतली भिंत: हलकी हवी आणि आगीत वेळ काढून देणारीही हवी

विमान मोठ्या तपासणीसाठी हँगरमध्ये आलं की आधी त्याचा सगळा संसार बाहेर काढतात. खुर्च्या निघतात, गालिचा गुंडाळला जातो, छताची पॅनेलं उतरतात, सामानाचे कप्पे सुटे होतात आणि मग खिडक्यांभोवतीची भिंत निघते. मुंबईत कालिना-सांताक्रूझच्या बाजूला हे काम कित्येक दशकं चालत आलंय. नवा मुलगा भिंतीचं पॅनेल पहिल्यांदा उचलायला वाकतो तेव्हा त्याचा अंदाज हमखास चुकतो. तो सगळा जोर लावतो आणि पॅनेल झटकन वर येतं.

आपण प्रवासी त्याच भिंतीला डोकं टेकून झोपतो आणि तिचा विचारही करत नाही. पण त्या भिंतीकडून दोन अवघड गोष्टी मागितलेल्या असतात. ती हलकी हवी, कारण विमानात प्रत्येक किलोला रोज इंधन लागतं. आणि विमानाला आग लागलीच, तर आतली माणसं बाहेर पडेपर्यंत तिने भडकू नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. हलकं करायला जावं तर वस्तू लवकर पेटते, पेटू नये म्हणून काही घालावं तर वजन वाढतं. गेली चाळीसेक वर्षं जगभर या ओढाताणीवर काम चाललंय आणि ते अजून संपलेलं नाही. माझा संबंध रेझिनशी, म्हणजे तंतूंना चिकटवून घट्ट होणाऱ्या रसायनाशी, त्यामुळे माझं लक्ष त्याच बाजूला जास्त जाणार, हे आधीच सांगते.

आधी वजनाचं बघू. पॅनेलचा कापलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेकडे पाहिलं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. दोन्ही बाजूंना पातळ, कडक कातडं. जाडी साधारण पाव मिलिमीटर. मधे षटकोनी घरांची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, म्हणून कारखान्यात तिला सरळ ‘हनीकोम’ म्हणतात. एकेक घर जेमतेम तीन मिलिमीटरचं. घरांच्या भिंती तपकिरी, अर्धपारदर्शक कागदाच्या असतात आणि नख लावलं की करकरतात. हा कागद लाकडाच्या लगद्याचा नाही. तो अ‍ॅरामिड नावाच्या तंतूंचा असतो. अग्निशमन दलाच्या जवानांचे कोट ज्या नोमेक्सचे शिवतात, तोच. कागदाची जाळी केली की ती रेझिनमध्ये बुडवून वाळवतात, म्हणून तिला ताठरपणा येतो.

आता हिशेब करू. ही जाळी एक घनमीटर घेतली तर तिचं वजन ४८ किलोच्या आसपास भरतं. तेवढ्याच पाण्याचं वजन १,००० किलो. म्हणजे एक चौरस मीटर लांबी-रुंदीची आणि एक सेंटिमीटर जाडीची जाळी अर्ध्या किलोपेक्षाही कमी, ४८० ग्रॅम. दोन्ही बाजूंना कातडं म्हणून रेझिनमध्ये भिजवलेल्या, काचेच्या तंतूंच्या कापडाचा एकेक थर चढवला की प्रत्येकी आणखी अर्धा किलो धरा. सगळं मिळून दीड किलोच्या आसपास. तेवढ्याच मापाचं प्लायवूड सहा किलोच्या घरात जातं आणि अ‍ॅल्युमिनियमचा भरीव पत्रा २७ किलो भरतो.

इतकं हलकं असूनही ते वाकत का नाही? कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा आठवा: दोन साधे कागद, मधे नागमोडी कागद, आणि तरी त्यावर वजन ठेवता येतं. फळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते. मधल्या भागावर या दोन्हींचा जोर फारसा येत नाही. म्हणून सगळं बळकट सामान दोन्ही पृष्ठांवर ठेवायचं आणि मधे फक्त अंतर राखायला हलकं काहीतरी भरायचं. भरीव पत्रा मधोमध चिरून दोन पातळ पत्रे केले, त्यांच्यामध्ये जाळी घालून एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा सात पटींनी वाढतो आणि वजन वाढतं फक्त तीन टक्क्यांनी. जाडी चौपट केली तर ताठरपणा ३७ पट, वजन सहा टक्के जास्त. अभियांत्रिकीत इतका स्वस्त सौदा फारसा मिळत नाही.

वजनाचा एवढा अट्टहास का, तर विमानात नुसतं वाहून नेण्यालाच इंधन लागतं. ढोबळ हिशेब असा, की जादा वजनाच्या तीन ते चार टक्के इंधन दर तासाला त्या वजनापायी जळतं. मुंबई-लंडनच्या नऊ-दहा तासांच्या प्रवासात शंभर किलो फालतू वजन असेल तर तीस-चाळीस किलो इंधन त्याच्यावरच गेलं. एका फेरीत हे काहीच वाटत नाही. पण विमान वीस-पंचवीस वर्षं उडतं आणि जवळजवळ रोज उडतं.

नुसता हलकेपणाच हवा असता तर काम सोपं होतं. अडचण आगीची आहे, आणि विमानातली आग कशी वागते हे लोकांना फार मोठी किंमत मोजून कळलं.

१९ ऑगस्ट १९८० रोजी सौदियाचं ट्रायस्टार विमान रियाधहून जेद्दाला निघालं. ते कराचीहून आलेलं होतं. उड्डाणानंतर काही मिनिटांत मागच्या मालकक्षात आग लागली. वैमानिकांनी विमान परत फिरवून रियाधला सुखरूप उतरवलं. पण दारं वेळेत उघडली गेली नाहीत आणि आतले सगळे, ३०१ जण, दगावले. २ जून १९८३ ला एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात मागच्या टॉयलेटजवळ धूर दिसला. विमान सिनसिनाटीला उतरलं, दारं उघडली, लोक बाहेर पडू लागले. दारं उघडल्यानंतर साठ ते नव्वद सेकंदांत आतला सगळा भाग एकदम पेटला. ४६ पैकी २३ जण आतच राहिले. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला बोइंग ७३७ विमान उड्डाणासाठी धावत असताना इंजिन फुटलं, पंखातली टाकी फाटली, इंधन पेटलं. विमान जमिनीवरच थांबलं होतं, तरीही ५५ माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक धुराने गेली.

तिन्ही ठिकाणी विमान जमिनीवर होतं आणि आदळून कुणी मेलेलं नव्हतं. कमी पडली ती वेळ.

सिनसिनाटीला जे झालं त्याला अग्निशमनातले लोक फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि ते नीट कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बंद जागेत काही जळायला लागलं की गरम वायू वर जातात आणि छताखाली साठतात. त्या थरात न जळलेल्या वायूंचं प्रमाण वाढत जातं. थर तापतो आणि खाली उष्णता फेकू लागतो. खालच्या खुर्च्या, भिंती, सामान यांना ज्वाळा अजून शिवलेलीही नसते, पण त्या उष्णतेने त्यांच्यातूनही जळाऊ वायू निघू लागतात. मग एक क्षण असा येतो की सगळं एकाच वेळी पेटतं. दारं उघडल्यावर बाहेरची ताजी हवा मिळाली तर तो क्षण आणखी जवळ येतो. त्यानंतर आत कुणी वाचत नाही. म्हणजे आतल्या माणसाचं आयुष्य किती, हे ठरतं फ्लॅशओव्हर व्हायला किती वेळ लागतो त्यावर. आणि तो वेळ बऱ्याच अंशी भिंत आणि छत किती वेगाने उष्णता सोडतात त्यावर अवलंबून असतो.

वेळेचं हे महत्त्व नियमांत दुसऱ्या बाजूनेही आलेलं आहे. नव्या विमानाने दाखवून द्यावं लागतं, की पूर्ण भरलेलं विमान निम्मी दारं बंद ठेवून, फक्त आणीबाणीच्या दिव्यांच्या उजेडात, ९० सेकंदांत रिकामं होतं. एअरबस ए-३८० च्या चाचणीत २००६ मध्ये हॅम्बुर्गला ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली होती. चाचणीत धूर नसतो, लहान मुलाला शोधणारी आई नसते, वरच्या कप्प्यातली बॅग ओढणारा माणूस नसतो. खऱ्या घटनेत ९० सेकंदांची तीन-चार मिनिटं सहज होतात. ती जादाची मिनिटं पॅनेलने द्यायची असतात.

आता माझ्या विषयाकडे येते. कंपोझिट म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र आणून केलेली तिसरी. तंतू ताण सोसतो, रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. मुंबईत हे काम उघड्यावर बघायचं असेल तर वेसाव्याच्या किनाऱ्यावर जावं. लाकडी होड्यांच्या जागी आता फायबरच्या होड्या आल्यात. साच्यावर काचेच्या तंतूंची मॅट अंथरतात, हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशने थापतात, वर रोलर फिरवून बुडबुडे बाहेर काढतात. हवेत स्टायरीनचा गोडसर, डोक्यात जाणारा वास असतो. तासाभरात रेझिन तापतं, घट्ट होतं आणि होडीचं अंग तयार होतं. तिथलं रेझिन पॉलिएस्टर. समुद्रासाठी ते उत्तम, पण त्याचा वाळलेला तुकडा पेटवला तर काळाकुट्ट, तेलकट धूर सोडत भरभर जळतो. अशी भिंत विमानात चालणार नाही.

काच जळत नाही. ती ८०० अंशांच्या पुढे मऊ पडते. जळतं ते रेझिन. खरं तर रेझिनही थेट जळत नाही. उष्णतेने त्याच्या लांब साखळ्या तुटतात, तुकडे वायू होऊन बाहेर पडतात आणि ते वायू हवेत पेटतात. मग उपाय उघड आहे: असं रेझिन शोधायचं, जे तापल्यावर वायू होऊन उडून जाण्याऐवजी जागेवरच कोळसा होऊन बसेल. कोळसा झाला की दोन फायदे. आगीला मिळणारा वायू घटतो, आणि वरचा कोळशाचा थर खालच्या थरांना उष्णतेपासून झाकतो. पॉलिएस्टर आणि एपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन मागे फार थोडा कोळसा ठेवतात. फेनॉलिक रेझिन निम्म्याहून जास्त वजन कोळशाच्या रूपात मागे ठेवतं.

हे फेनॉलिक आपल्या घरात आहे. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये केलेलं बेकेलाइट म्हणजे तेच. चाळीतल्या जुन्या काळ्या बटणांचं सामान तेच, प्रेशर कुकरची काळी मूठ तीच. कुकरची मूठ चुलीच्या जाळावर धरली तर ती वितळत नाही, थेंब थेंब गळत नाही, नुसती करपते. शंभर वर्षांपूर्वीचं हे रेझिन आजही विमानाच्या आतल्या भिंतीत, छतात आणि कप्प्यांत आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याला पूर्णपणे हटवणारं दुसरं काही मिळालेलं नाही. मला याचं नेहमी नवल वाटतं.

वाचकाला इथे शंका येईल: बोइंग ७८७ चं निम्मं वजन कंपोझिटचं, एअरबस ए-३५० चं त्याहून थोडं जास्त, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगात तर एपॉक्सी आहे, मग ते धोक्याचं नाही का? बाहेरचं अंग भार सोसतं, त्याला एपॉक्सीचा चिवटपणा लागतो, आणि ते जाड, घट्ट, कार्बनतंतूंनी भरलेलं असतं. बाहेरच्या आगीला ते बराच वेळ आत येऊ देत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए-३५० तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातले पाच जण गेले, पण मोठ्या विमानातले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले. नंतर ते विमान जळून खाक झालं. त्याआधी ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून निघालेलं एमिरेट्सचं विमान दुबईला धावपट्टीवर घसरून पेटलं, आणि आतले तीनशेच्या तीनशे बाहेर पडले. आग विझवताना एक जवान मात्र गेला. या दोन्ही घटनांत कर्मचाऱ्यांची शिस्त मोठी होती. पण शिस्तीलाही वेळ लागतो, आणि तो वेळ विमानाच्या साहित्याने दिला.

आता चाचण्या. पहिली अगदी साधी. पॅनेलची पट्टी उभी टांगायची, खालून बर्नरची ज्योत ६० सेकंद लावायची, मग काढून घ्यायची. ज्योत काढल्यावर पट्टी १५ सेकंदांच्या आत आपोआप विझली पाहिजे, सहा इंचांपेक्षा जास्त जळता कामा नये, आणि गळलेला थेंब तीन सेकंदांपेक्षा जास्त पेटता राहता कामा नये. एका छोट्या ज्योतीने साहित्य पेटत राहतं का, एवढंच ही चाचणी सांगते.

मोठी परीक्षा पुढे असते. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, जुन्या सी-१३३ मालवाहू विमानाच्या अंगात खुर्च्या, भिंती बसवून बाहेर इंधनाची आग लावून पाहिली. त्यातून लक्षात आलं की ‘पेटतं का’ एवढं विचारून भागत नाही. ‘किती वेगाने उष्णता सोडतं’ हे मोजावं लागतं. ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झालेलं एक यंत्र त्यासाठी घेतलं. त्यात साधारण पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी तुकडा उभा ठेवतात आणि त्यावर चौरस मीटरला ३५ किलोवॉट एवढी उष्णता फेकतात. तुकडा पाच मिनिटं तापत राहतो, आणि त्यातून निघणारी उष्णता वरून जाणाऱ्या हवेच्या तापमानावरून मोजतात. १९८६ मध्ये नियम आला. आधी मर्यादा १०० ठेवली, आणि ऑगस्ट १९९० पासून ती ६५ वर आणली: चौरस मीटरला उष्णतेचा सर्वांत वरचा वेग ६५ किलोवॉट, आणि पहिल्या दोन मिनिटांत सोडलेली एकूण उष्णता ६५ किलोवॉट-मिनिट. या धंद्यात लोक नुसतं ‘पासष्ट-पासष्ट’ म्हणतात. वीस किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या विमानांच्या भिंती, छत, कप्पे, मधल्या आडभिंती, सगळ्यांना तो लागू आहे.

धुराची चाचणी वेगळी. बंद पेटीत तुकडा जाळायचा आणि चार मिनिटांत पेटीतला प्रकाश किती अडतो ते पाहायचं. मँचेस्टर आठवलं की ही चाचणी किती महत्त्वाची ते पटतं. दार तीन हातांवर असलं तरी दिसलं नाही तर उपयोग काय? विषारी वायूंवर मात्र एफएएची मर्यादा नाही. ती बोइंग आणि एअरबस यांनी आपापल्या नियमावल्यांत घातलेली आहे: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड वगैरे. माझ्या मते ही मर्यादा सरकारी नियमात असायला हवी. माणसं मरतात ती धुराने, आणि धुरात काय आहे हे कारखानदाराच्या नियमावलीवर सोडणं बरोबर नाही.

फेनॉलिक एवढं चांगलं, मग संशोधन कशाला? कारण त्याच्यासोबत काम करणाऱ्या माणसाचे हाल होतात. घट्ट होताना ते पाणी सोडतं. साच्यात, दाबाखाली, दीडशे अंशांच्या आसपास तापवताना ते पाणी वाफ होऊन बाहेर येऊ पाहतं आणि जाता जाता असंख्य बारीक भोकं मागे ठेवतं. पॅनेल साच्यातून निघतं तेव्हा पृष्ठभाग खडबडीत, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांनी भरलेला असतो. मग पुट्टी लावायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, परत पुट्टी, परत घासाई. हे सगळं हाताने होतं आणि कामगाराच्या नाकातोंडात धूळ जाते. शिवाय रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड निघतं, म्हणून कारखान्यात हवा खेळती ठेवावी लागते. आणि एवढं करून फेनॉलिक ठिसूळच. ट्रॉलीचा कोपरा लागला की खपली निघते.

त्यात पुट्टीचं स्वतःचं वजन असतं आणि पुट्टी स्वतः जळते. रंगही जळतो. वरची नक्षीची फिल्म जळते, ती चिकटवणारा गोंद जळतो. एकेक वस्तू चाचणीत पास झाली म्हणून सगळे थर एकत्र पास होतील असं नाही. म्हणून पासष्ट-पासष्ट पूर्ण थरावर तपासतात: फिल्म, गोंद, पुट्टी, कातडं, जाळी, सगळं एकत्र. पातळ, हलक्या पॅनेलमध्ये रेझिन मुळात थोडंच असतं, त्यामुळे गोंदाचा एक जाड हात फिरला तरी आकडा वर जातो. विमान कंपनीने रंगसंगती बदलायची ठरवली आणि वेगळी फिल्म निवडली, तर तो नुसता सजावटीचा निर्णय राहत नाही; नव्याने जाळून बघावं लागतं. दुरुस्ती करताना ‘बाजारात मिळेल तो गोंद’ चालत नाही, त्यामागेही हेच कारण आहे.

मग रेझिनमध्ये आग रोखणारी पूड का मिसळत नाहीत? मिसळतात. ब्रोमीन, क्लोरीनची संयुगं आग छान विझवतात, पण धुरात तीव्र, विषारी वायू सोडतात, म्हणून ती मागे पडत चालली. अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड तापल्यावर पाणी सोडतं आणि आग थंड करतं, निर्धोकही आहे. पण परिणाम दिसायला वजनाच्या निम्म्यापर्यंत घालावं लागतं. होडीत किंवा केबलमध्ये चालेल, विमानात कोण घेणार? फॉस्फरसची संयुगं कमी प्रमाणात लागतात आणि कोळसा व्हायला मदत करतात, म्हणून सध्या सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे.

रेझिनच बदलण्याच्या वाटाही आहेत. बेन्झॉक्साझिन हे फेनॉलिकचं जवळचं नातलग. ते घट्ट होताना रेणूतलं कडं उघडतं आणि जोडलं जातं. पाणी बाहेर पडत नाही, त्यामुळे भोकं नाहीत आणि आकुंचनही कमी. कोळसा भरपूर होतो. महाग आहे आणि तापमान जास्त लागतं. दुसरी वाट थर्मोप्लास्टिकची, म्हणजे तापवून पुन्हा मऊ करता येणाऱ्या प्लॅस्टिकची. पॉलिइथरइमाइड नावाचं असं प्लॅस्टिक जळत राहायला ४७ टक्के ऑक्सिजन मागतं, आणि आपल्या हवेत असतो २१ टक्के. काचेच्या कापडासोबत त्याचा पत्रा केला तर तो तापवून दाबयंत्रात मिनिटांत आकार घेतो, पुट्टी लागत नाही, चिवट असतो, आणि विमान भंगारात गेल्यावर वितळवून परत वापरता येतो. अडचण किमतीची, आणि साडेतीनशे अंशांच्या आसपास काम करणारी यंत्रं लागण्याची. मला स्वतःला भविष्य याच बाजूला दिसतं, निदान कप्पे आणि खुर्चीच्या पाठींसारख्या मार खाणाऱ्या भागांसाठी.

कप्प्यांची परीक्षा आता वाढलीही आहे. पूर्वीचे नियम बाहेरची इंधनाची आग डोळ्यांसमोर ठेवून झाले. आता आग डोक्यावरच्या कप्प्यातच सुरू होऊ शकते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात तशी लागली. सगळे १७६ जण उतरले, विमानाचं छत जळून गेलं. तपासात पॉवर बँकेकडे बोट दाखवलं गेलं. लिथियम बॅटरीला आतूनच उष्णता मिळत राहते, त्यामुळे कप्प्याच्या तळाला फार थोड्या जागेवर फार जास्त ताप सोसावा लागतो. सध्याची चाचणी त्यासाठी घडलेली नाही.

तिसरी वाट मला महाराष्ट्राची म्हणून जवळची वाटते. उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, आम्ल आणि वाफ वापरून फर्फ्युरल नावाचं रसायन काढता येतं, त्याचं फर्फ्युरिल अल्कोहोल होतं आणि त्यापासून काळपट फ्युरान रेझिन. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे नाव नवं नाही. वाळूचे साचे बांधायला ते वापरतात. आगीत त्याचं वागणं फेनॉलिकसारखं, कोळसा भरपूर. कच्चा माल खनिज तेलाऐवजी शेतातून येतो आणि फॉर्माल्डिहाइडशिवाय काम होऊ शकतं. दोषही फेनॉलिकचेच: घट्ट होताना पाणी सोडतं, ठिसूळ असतं. आपल्याकडे बगॅस बहुतेक बॉयलरमध्ये जातो, तेव्हा साखर कारखान्याला हा हिशेब परवडायला हवा हेही खरं.

तंतूंमध्येही फेरबदल सुचतात. विमानाच्या पॅनेलसाठी काचेचं कापड मागावर विणतात. ७७८१ नावाची एक वीण सर्रास वापरली जाते, चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. साटीन वीण असल्याने वळणावर सुरकुती न पडता बसते. गिरणगावातल्या विणकराला तिचा ताणा-बाणा लगेच कळला असता. कापडगिरण्यांच्या काळात मुंबईत उभ्या राहिलेल्या कापड-संशोधनाच्या संस्था, वरळीची सास्मिरा आणि घाटकोपरची बीटीआरए, आणि १९३३ मध्ये सुरू झालेलं, माटुंग्याचं, आज आयसीटी नावाने ओळखलं जाणारं रसायन तंत्रज्ञानाचं शिक्षण, हे सगळं एका शहरात आहे. कापड, रेझिन आणि विमानदुरुस्ती लोकलच्या एका पासावर गाठता येईल इतक्या जवळ आहेत. या तिघांचं जितकं येणं-जाणं असायला हवं, तितकं व्हावं असं मला मनापासून वाटतं.

काचेऐवजी जवसाचा तंतू घ्यावा, हा सध्या जगभर चर्चेत असलेला प्रयोग. विदर्भात जवस तेलासाठी घेतात. लांब तंतूंचे वाण वेगळे. तंतू काचेपेक्षा बराच हलका आहे, पुरेसा ताठर आहे, कापताना अंगाला खाजत नाही. पण तो सेल्युलोज आहे, म्हणजे जळतो. आग रोखण्यासाठी फॉस्फेटचे क्षार पाजावे लागतात आणि तिथेच वाचवलेलं वजन थोडं थोडं परत येतं. आणि पाणी. मुंबईत जुलैमध्ये दोन उड्डाणांच्या मधे दार उघडं असतं आणि ओली हवा आत शिरते. नंतर वर गेल्यावर केबिन कोरडी ठक्क होते. जवसाचा तंतू पाणी पितो, फुगतो, सोडतो, आकसतो. रोज असं झालं तर रेझिन आणि तंतू यांची पकड सैल होते, आणि पाण्यात विरघळणारे काही क्षार हळूहळू निघूनही जातात. प्रयोगशाळेत नमुना जाळण्याआधी २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत चोवीस तास ठेवतात, कारण ओला नमुना उशिरा पेटतो आणि खोटा चांगला आकडा देतो. जवसाच्या पॅनेलला एवढं पुरत नाही. त्याला आधी ओलं-कोरडं अशा शेकडो फेऱ्यांतून काढावं लागतं, मग वजन करावं लागतं, क्षार किती उरले ते मोजावं लागतं, आणि त्यानंतर पासष्ट-पासष्टच्या यंत्रात ठेवावं लागतं.